संपादकाची नजर आणि मुलांचे वाचन : भा. रा. भागवत यांच्या कारकिर्दीचा एक विचार

आपल्या विद्यापीठांतील मराठीच्या अभ्यासक्रमात बालसाहित्य येते ते बहुधा एखाद्या घटकातील एका उपघटकापुरते. विद्यार्थी चार-दोन लेखकांची नावे पाठ करतो, 'मनोरंजनातून संस्कार' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहितो आणि पुढे जातो. भा. रा. भागवत यांचे नाव या यादीत हमखास असते. त्यांच्या नावापुढे 'फास्टर फेणेचे जनक' एवढी ओळ लिहिली की अभ्यास संपला असे मानले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू ही ओळ पुरेशी का नाही ते दाखवण्याचा आहे. भागवतांच्या लेखनाचे मर्म त्यांच्यातील संपादकात आहे, आणि तो संपादक समजून घेतला तर आजच्या अध्यापकालाही त्याचा उपयोग आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. आपल्या वाचकांच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. बालवाचकांत ज्यांची मराठी सर्वांत 'पुणेरी' वाटते, त्या लेखकाचे जन्मगाव होळकरांची राजधानी आहे. १९४२ च्या लढ्यात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास सोसला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचे मासिक चालवले. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्याच्या क्षेत्रातील मान्यवर लेखिका होत्या. मासिक बंद झाले, पण लेखन थांबले नाही. ज्यूल व्हर्नची रूपांतरे, विज्ञानकथा, बिपिन बुकलवारच्या कथा आणि २० पुस्तकांची फास्टर फेणे मालिका असा हा पट आहे. २७ ऑक्टोबर २००१ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मासिकांची परंपरा आणि 'बालमित्र'

मराठीत मुलांच्या मासिकांची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' सुरू केले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषयावरील लेख असा त्याचा ठरलेला साचा होता आणि बहुतेक मजकूर ओक स्वतः लिहीत. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' आले. नावातच धोरणाचा बदल दिसतो. 'बोध' मागे सरला, 'आनंद' पुढे आला. तरीही या दोन्ही मासिकांत बोलणारी व्यक्ती वडीलधारीच आहे. ती प्रेमळ आहे, विद्वान आहे, पण मुलाच्या शेजारी बसलेली नाही, समोर बसलेली आहे.

'बालमित्र' या नावाने आणखी एक पाऊल टाकले. येथे संपादक स्वतःला मित्र म्हणवतो. मित्राचे नाते टिकवायचे तर एक अट पाळावी लागते. मित्राचे बोलणे कंटाळवाणे झाले की मूल उठून जाते. गुरुजींच्या समोरून त्याला उठता येत नाही. क्रमिक पुस्तक लिहिणाऱ्याचा वाचक परीक्षेने बांधलेला असतो, मासिकाचा वाचक मात्र दर महिन्याला नव्याने मिळवावा लागतो. हे भान ज्या लेखकाला रोजच्या व्यवहारातून येते, त्याचे वाक्य वेगळे होते.

याच काळात बाजारात मोठा प्रतिस्पर्धी उतरला होता. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेले 'चंदामामा' १९५२ मध्ये 'चांदोबा' या नावाने मराठीत आले. अनेक भाषांत एकाच वेळी निघणाऱ्या मासिकाला चित्रे आणि रंगीत छपाई यांचा खर्च वाटून घेता येतो. एकाच भाषेत, घरच्या माणसांच्या बळावर चालणाऱ्या मासिकाला ते शक्य नसते. पुढे १९७१ मध्ये बालभारतीने 'किशोर' सुरू केले, तेव्हा त्यामागे शासनाच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे बळ होते. 'बालमित्र' या दोहोंच्या मधले. त्याच्यामागे ना मोठा छापखाना होता ना सरकार. असे मासिक अल्पायुषी ठरणे नवल नाही. नवल हे की त्याचा संपादक त्यातून कडवट होऊन बाहेर पडला नाही. त्याने मासिकाची शिस्त पुस्तकात नेली.

संपादक-लेखक : तीन समांतर उदाहरणे

मुलांचे मासिक चालवणाऱ्याने मुलांसाठी लिहिणे हा केवळ मराठीतला योगायोग नाही. ज्यूल व्हर्नचा फ्रेंच प्रकाशक हेत्झेल हा स्वतः पी. जे. स्टाल या नावाने मुलांसाठी लिहीत असे. १८६४ मध्ये त्याने शिक्षण आणि रंजन यांचा मेळ घालणारे नियतकालिक काढले आणि व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवण्याची व्हर्नची हातोटी या प्रसिद्धीच्या पद्धतीशी जोडलेली आहे.

उर्दूत लाहोरच्या 'फूल' (१९०९) या मुलांच्या साप्ताहिकाचे संपादन इम्तियाज अली ताज यांनी केले. त्यांचे 'चचा छक्कन' हे पात्र जेरोम के. जेरोमच्या अंकल पॉजरवरून घेतलेले आहे. पण ते उत्तर हिंदुस्थानी मुस्लिम मध्यमवर्गीय घरात इतके मुरले की मूळ इंग्रजी असल्याचे सांगावे लागते. बंगालीत सत्यजित राय यांनी आजोबांनी १९१३ मध्ये सुरू केलेले 'संदेश' १९६१ मध्ये पुनरुज्जीवित केले. प्रोफेसर शंकू आणि फेलूदा ही त्यांची दोन्ही पात्रे या मासिकाच्या पानांत जन्मली. मासिकाला मजकूर हवा होता म्हणून एक चित्रपट दिग्दर्शक कथाकार झाला.

या पंक्तीत भागवतांना ठेवले की त्यांचे वेगळेपण दिसते. फेलूदाच्या कथांत गुन्ह्याची उकल करणारा तरुण पण प्रौढ आहे. मूल, म्हणजे तोपशे, त्याच्याबरोबर फिरते, पाहते आणि सांगते. फास्टर फेणेच्या कथांत मूल साक्षीदार नाही, कर्ता आहे. मोठी माणसे आहेत, पण ती उशिरा पोहोचतात, किंवा आधी विश्वास ठेवत नाहीत. रायांच्या कथा मुलाला विचार करणाऱ्या माणसाची संगत देतात, भागवतांच्या कथा मुलाला कृतीची मुभा देतात. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. मात्र शाळेत हात वर केल्याशिवाय बोलता येत नाही अशा मुलासाठी दुसरी अधिक तातडीची असते.

नाव ठेवण्याची कला

संपादकाचे सर्वांत कसोटीचे काम म्हणजे शीर्षक देणे. भागवतांची संपादकीय बुद्धी येथे सर्वांत स्पष्ट दिसते. व्हर्नच्या 'हेक्टर सर्व्हादाक' (१८७७) या कादंबरीत धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि माणसांसकट तिचा एक तुकडा उचलून नेतो. भागवतांनी तिला नाव दिले 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. 'मुक्काम' हा शब्द प्रत्येक मराठी मुलाने पत्रावरच्या पत्त्यात वाचलेला होता. 'शेंडेनक्षत्र' हा धूमकेतूसाठीचा जुना घरगुती शब्द. संस्कृत पारिभाषिक शब्द बाजूला ठेवून आजीच्या तोंडचा शब्द घ्यायचा, त्यापुढे पोस्टाचा शब्द जोडायचा, आणि अंतराळातल्या धूमकेतूला एखाद्या तालुक्याच्या गावासारखे जवळ आणायचे. शब्दशः भाषांतर करणाऱ्याला हे सुचत नाही. वाचकाच्या घरात काय बोलले जाते याचा अंदाज असलेल्यालाच ते सुचते.

'फास्टर फेणे' हे नावही तपासून पाहण्यासारखे आहे. पात्राचे खरे नाव बनेश फेणे. गाव फुरसुंगी, पुण्यालगत हडपसरच्या पलीकडचे. शाळा पुण्यातील विद्याभवन. 'फास्टर' हा इंग्रजी शब्द, 'फेणे' हे मराठी आडनाव, 'फुरसुंगी' हे ग्रामीण ठिकाण. तिन्हींना जोडणारा एकच धागा म्हणजे 'फ'चा अनुप्रास. काटकुळा, सायकलवर स्वार, आश्चर्याच्या क्षणी जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा हा मुलगा खेड्यातून शहरात आला आहे आणि त्याला त्याचा न्यूनगंड नाही. १९५० ते १९७० च्या दशकांत महाराष्ट्रातील किती मुले शिकण्यासाठी अशीच गाव सोडून शहरात आली हे आठवले, तर हे नाव निव्वळ गमतीचे राहत नाही.

'बिपिन बुकलवार' हे नाव आणखी खोडकर आहे. चंद्रपूर, नांदेड, तेलंगण या पट्ट्यात '-वार' अंत असलेली आडनावे पुष्कळ आहेत. त्या ओळखीच्या घडणीत 'बुक' हा शब्द बसवून भागवतांनी पुस्तकवेड्या मुलाचे आडनाव तयार केले. पुस्तके वाचणारा मुलगाच कथेचा नायक आणि शोधक करावा, ही कल्पना मासिकाच्या वर्गणीदारांची काळजी वाहिलेल्या माणसाला सुचणे स्वाभाविक आहे. वाचन चांगले असते असे तो सांगत बसत नाही. वाचणाऱ्या मुलाच्या वाट्याला गंमत येते एवढे दाखवतो.

भाषा : सीमेवरच्या वर्गासाठी एक वाट

आता आपल्या अध्यापनाशी थेट संबंधित मुद्दा. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, गोवा येथील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा उर्दू, दखनी, कन्नड, हिंदी किंवा कोंकणी आहे. त्यांना मराठी भेटते ती पाठ्यपुस्तकातून, आणि त्या मराठीचा कल तत्सम शब्दांकडे असतो. वाचन म्हणजे अर्थ विचारत जाणे असा त्यांचा समज होतो.

फास्टर फेणे मालिकेतील काही शीर्षके पाहा : 'जवानमर्द फास्टर फेणे', 'बालबहाद्दर फास्टर फेणे', 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत', 'गुलमर्गचं गूढ आणि फास्टर फेणे', 'फास्टर फेणे टोला हाणतो', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'. 'जवानमर्द', 'बहाद्दर' आणि 'करामत' हे शब्द फारसी-अरबी वाटेने मराठीत आले. त्यांच्याच रांगेत संस्कृत 'गूढ' आणि 'विरुद्ध' बसले आहेत, आणि 'टोला हाणतो' हा ठसठशीत देशी प्रयोगही. भागवतांनी येथे भाषाशुद्धीचा पुरस्कार केला नाही आणि तिला विरोधाची घोषणाही केली नाही. जो शब्द मुलाच्या जिभेवर उडी मारतो तो घेतला. दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला या शीर्षकात आपल्या घरचा शब्द भेटतो आणि त्याच्या बोटाला धरून तो शेजारच्या अनोळखी मराठी शब्दापर्यंत पोहोचतो. भाषा शिकवण्याचे याहून सहज साधन मिळणे कठीण आहे.

दुसरा मुद्दा गतीचा. द्वितीय भाषेच्या वाचकाची खरी अडचण शब्दसंग्रह ही नसते. पुढे काय होणार याची ओढ नसणे ही असते. ओढ असेल तर तो दहा अनोळखी शब्द ओलांडून जातो आणि त्यातले चार न सांगता शिकतो. भागवतांची पुस्तके छोटी आहेत, संवाद भरपूर आहे, प्रसंग लवकर सुरू होतो. हे गुण समीक्षेत 'बालसुलभ' म्हणून सोडून दिले जातात. प्रत्यक्षात ती मेहनतीने कमावलेली संपादकीय मितव्ययिता आहे.

मर्यादा

मूल्यमापन म्हणजे केवळ गौरव नव्हे. या लेखनाच्या मर्यादाही अध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा मालिकेच्या स्वरूपातून येते. २० पुस्तके एकाच नायकावर उभी राहिली की नायक बदलेनासा होतो. त्याचे धाडस प्रत्येक वेळी यशस्वी होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. एरिख केस्टनरच्या 'एमिल आणि गुप्तहेर' (१९२९) या जर्मन कादंबरीशी तुलना करावी. तेथे चोर पकडला जातो तो बर्लिनच्या मुलांनी मिळून आखलेल्या योजनेमुळे. एकट्या एमिलच्या आवाक्यातले ते काम नव्हते. फेणेला मित्र आहेत, पण कथेचा प्रकाशझोत त्याच्यावरून सहसा हलत नाही.

दुसरी मर्यादा मुलींच्या स्थानाची. फेणेची बहीण माली ही चुणचुणीत आहे, तरी मालिका तिच्या नावाची नाही. तत्कालीन बालसाहित्यात हे सार्वत्रिक होते असे म्हणून हा मुद्दा टाळता येणार नाही. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या'बरोबर 'चिंगी'लाही स्वतंत्र स्थान दिलेच होते. आपल्या वर्गात आज मुलींची संख्या मोठी आहे. मालीच्या बाजूने तीच कथा पुन्हा लिहून पाहण्याचा सराव त्यांना देता येईल, आणि त्यातून टीकेची पहिली पायरी आपोआप चढली जाईल.

तिसरी मर्यादा युद्धाच्या पार्श्वभूमीवरील लेखनाची. 'जवानमर्द फास्टर फेणे'मागे १९६२ च्या चिनी आक्रमणाचे वातावरण आहे. देश दुखावलेला असताना शाळकरी मुलाला आघाडीपर्यंत नेणारी कल्पना मुलांना धीर देणारी होती, हे मान्य करावे. पण युद्धात पराक्रमाखेरीज दुसरेही बरेच काही असते. ते या चौकटीत मावत नाही. असे पुस्तक वाचायला देताना त्या काळाचा इतिहासही शेजारी ठेवणे हे अध्यापकाचे काम आहे.

या मर्यादा मान्य करूनही एक फरक स्पष्ट राहतो. त्याच काळात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजारोंनी खपत होत्या आणि शाळकरी मुले त्या वडिलांच्या नजरेआड वाचत होती. घरात उपदेशपर पुस्तके, चोरून रहस्यकथा, अशी वाचनाची फाळणी झालेली होती. भागवतांनी रहस्य, वेग आणि धाडस ही त्या चोरट्या वाचनाची सारी सामग्री उचलली आणि ती राजरोस हातात धरता येईल अशा पुस्तकात आणली. मुलाची भूक त्यांनी खोटी ठरवली नाही. तिला सकस खाऊ दिला.

पडद्यावरचा फेणे

१९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी फास्टर फेणेची भूमिका केली. पुढे २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, लेखकाच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमेय वाघ नायक होते आणि खुद्द भा. रा. भागवत हे पात्र दिलीप प्रभावळकर यांनी साकारले. चित्रपटातील फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला तरुण आहे आणि परीक्षेतील घोटाळ्याचा माग काढतो.

लेखकालाच पात्र करण्याची कल्पना भागवतांच्या खेळकर वृत्तीला साजेशी आहे. मात्र नायकाचे वय वाढवल्याने जे बदलले तेही नोंदवले पाहिजे. ज्यांनी लहानपणी फेणे वाचला होता ते प्रेक्षक मोठे झाले होते, आणि चित्रपटाने नायकाला त्यांच्याबरोबर मोठे केले. मूल स्वतः कर्ते असते, हा मूळ लेखनाचा गाभा यात मागे पडला. स्मरणरंजन हे बालसाहित्याचे आयुष्य वाढवते, तसेच ते बालकांच्या हातून काढूनही घेते.

अध्यापकांसाठी

वरील विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. एक, बालसाहित्य शिकवताना लेखकाबरोबर त्याचे मासिकही शिकवावे. 'बालबोध', 'आनंद', 'बालमित्र', 'चांदोबा', 'किशोर' या क्रमाने पाहिले तर मुलाकडे पाहण्याची समाजाची नजर कशी बदलली याचा इतिहास हाती येतो. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर खुले केले आहेत, त्यामुळे निदान एका मासिकाचा अभ्यास कोणत्याही गावात बसून करता येतो.

दोन, छोट्या मासिकांचे अंक शोधण्याचे काम महाराष्ट्राबाहेरील जुन्या मराठी केंद्रांनी अंगावर घ्यावे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय, वडोदऱ्याचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या संस्थांची कपाटे ही शोधाची पहिली ठिकाणे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून एका मासिकाच्या उपलब्ध अंकांची सूची करायला दिली तरी ते संशोधनच आहे, आणि दहा पुस्तकांतून उतरवलेल्या प्रबंधिकेपेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. वर्गात देण्याचा प्रत्येक उतारा संपादकाच्या नजरेने तपासावा. परीक्षेची सक्ती नसती तर विद्यार्थ्याने याचे दुसरे पान उलटले असते का? पहिल्या परिच्छेदात त्याच्या ओळखीचा एक तरी शब्द आहे का? तो यात कर्ता आहे की केवळ श्रोता? मराठी ज्यांच्या घरची भाषा नाही, त्यांच्यापुढे आपण बहुतेक वेळा मराठीचा देव्हारा मांडतो. भागवतांनी मुलांपुढे सायकल ठेवली. जन्माने इंदूरच्या असलेल्या या लेखकाकडून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी अध्यापकांनी घ्यावा असा धडा हाच आहे.